उजवा खांदा

यज्ञेश्वरला धंदा सुरू करताना सगळ्यांत आधी एक वाक्य पाठ करावं लागलं. "घाबरू नका, कोणी गेलेलं नाही."

त्याचं कारण असं, की काशीत दूधविनायकाच्या गल्लीत त्याच्या घराण्याची ही सातवी पिढी, आणि सातही पिढ्यांनी एकच काम केलेलं. महाराष्ट्रातून येणाऱ्या यजमानांची श्राद्धं, पिंडदानं, अस्थिविसर्जनं. अशा घरचा फोन भर दुपारी नाशिकला नाहीतर सोलापूरला खणखणला, की पलीकडचा माणूस आधी खुर्ची ओढून बसायचा आणि मग बेताच्या आवाजात विचारायचा, "बोला गुरुजी. कोण?" त्यावर यज्ञेश्वरने 'व्यायामाबद्दल बोलायचं होतं' असं म्हटलं की पलीकडे इतकी शांतता पसरायची, की फोन कटला असं वाटावं.

मार्चमध्ये गाड्या बंद झाल्या त्या दिवसापासून घाटावर यजमान फिरकला नव्हता. गल्लीतले बाकीचे भटजी पायऱ्यांवर बसून सरकारला, चीनला आणि एकमेकांना शिव्या देत होते. यज्ञेश्वर त्यांच्यात बसायचा, मान हलवायचा, पण आतून त्याला बरं वाटत होतं आणि ते कोणाला सांगायची सोय नव्हती. चौदाव्या वर्षी तो वेदपाठ चुकवून नदीकाठच्या आखाड्यात जाऊ लागला होता. तिथे त्याचं शरीर तयार झालं, ते शेहेचाळिसाव्या वर्षीही तसंच होतं. वडील, नीलकंठगुरुजी, असेपर्यंत म्हणायचे, "भाताचा गोळा वळायला एवढे दंड कशाला लागतात?" खरंच लागत नव्हते.

पण बावीस वर्षं यजमानांना घाटावरून खाली नेताना आणि वर आणताना त्याने एक हिशेब डोक्यात ठेवला होता. लोक नदी बघायचे, हा त्यांचे गुडघे बघायचा. पुण्याचे निवृत्त लोक तिसाव्या पायरीला थांबतात आणि देखावा बघत असल्यासारखं करतात. सोलापूरचे चाळिसाव्याला थांबतात आणि सरळ सांगतात, दम लागला. नागपूरचे थांबतच नाहीत, पण वर पोचल्यावर दहा मिनिटं कोणाशी बोलत नाहीत. हे सगळे आता घरात कोंडून बसलेत, खातायत, आणि छातीला हात लावून आपला श्वास नीट चाललाय ना ते तपासतायत. त्यांना सकाळी सहा वाजता फोनवर समोर बसवून सूर्यनमस्कार घालायला लावले तर? आणि त्याची फी घेतली तर?

फीपेक्षाही त्याला ओढ होती ती निराळ्याच गोष्टीची. आजवर त्याच्या घरात आलेला प्रत्येक रुपया कोणीतरी गेल्यावर आला होता. एक तरी रुपया कोणीतरी राहावं म्हणून यावा, असं त्याला फार वाटत होतं. हे त्याने फक्त बायकोला सांगितलं.

विद्युल्लता मुलींच्या शाळेत गणित शिकवायची. तिने डाळ निवडता निवडता ऐकून घेतलं आणि म्हणाली, "करा. पण आधी ठरवा, फी घेणार की दक्षिणा. दक्षिणा म्हटलीत तर लोक त्यांना परवडेल ते देतील आणि वर नमस्कार करतील." फी ठरली. महिना पाचशे. चुलतभाऊ श्रीरामने गल्लीभर सांगितलं, की आमचा यज्ञा पिंडाचा गुरुजी होता, तो आता दंडाचा झाला. लोक हसले. यज्ञेश्वरही हसला, या हसण्याचे पैसे पडत नव्हते.

जुलैत अकरा जणांवर वर्ग सुरू झाला. गच्चीवर, माकडं यायच्या आत. पाण्याच्या टाकीला टेकवून ठेवलेला फोन आणि सहा फुटांवर यज्ञेश्वर, 'एक, दोन, तीन' मोजत. तिसऱ्या दिवशी नाशिकच्या रत्नाकररावांनी आपला आवाज सुरू केला. रत्नाकरराव म्हणजे रेल्वेतून निवृत्त झालेले, सत्तरीचे, आयुष्यभर दुसऱ्यांची वेळापत्रकं तपासलेले.

"गुरुजी, कसरत शिकवणारे आमच्या कॉलनीतही दोन आहेत," ते म्हणाले. "तुम्ही काशीत बसलाय, त्याचा काही उपयोग करा की."

माणसाला आपल्याजवळचा माल बऱ्याचदा गिऱ्हाईक दाखवून देतं. दुसऱ्या दिवसापासून यज्ञेश्वरने वर्गाच्या आधी संकल्प सुरू केला. हातात पाणी घेऊन, मांडी घालून, या क्षेत्री, या तिथीला, अमुक गोत्रात जन्मलेल्या अमुकच्या आरोग्यासाठी सूर्याला नमस्कार करतो. असं एकेकाचं नाव, एकेकाचं गोत्र. काशीच्या संकल्पात क्षेत्राचं वर्णन करताना 'महाश्मशाने' असा एक शब्द येतो. वीस वर्षं तो त्याच्या तोंडातून न अडखळता बाहेर पडत होता. तो शब्द आता त्याने गिळायला सुरुवात केली. व्यायामाच्या वर्गात तो शोभला नसता.

नावं घ्यायला सुरुवातीला दोन मिनिटं लागायची, नंतर सहा लागू लागली, कारण माणसं वाढली. नमस्कार घालताना निम्मे जण चौथ्यालाच जमिनीवर पडून राहायचे, पण संकल्पाला कोणी उशीर करत नव्हतं. सोलापूरच्या इंदूताई तर आपलं नाव आलं की पडद्यावर हात जोडायच्या. वय अडुसष्ट, नवरा जाऊन अकरा वर्षं झालेली, मुलगा कॅनडात. एकदा वर्ग सुटल्यावर त्या म्हणाल्या, "दिवसभरात माझं नाव घेणारे तुम्ही एकटेच आहात गुरुजी. ही माणसं आवाज देतात ती आजी, काकू, मावशी. इंदुमती कोणीच म्हणत नाही."

संक्रांतीला अडतीस नावं झाली. रविवारची सुट्टी नव्हती. सूर्याचंच काम, त्याच्याच वारी बंद कसं ठेवणार. त्या सहा महिन्यांत यज्ञेश्वर घाटावर गेला तो फक्त अंघोळीला. गाड्या सुरू झाल्या, तुरळक यजमान आले, ते त्याने श्रीरामकडे पाठवले. श्रीरामला वाटलं हा उपकार आहे. यज्ञेश्वरच्या लेखी ते ओझं उतरवणं होतं.

फाल्गुनात रत्नाकररावांनी दुसरी सूचना केली. गुरुजी बंडी घालून शिकवतात, त्यामुळे खांदा कसा वळतो ते दिसत नाही. आणि फोनमध्ये दिसतातही फार लहान. म्हणून पाडव्याला दोन गोष्टी एकदम झाल्या. विद्युल्लतेने शाळेतल्या एका बाईंकडून जुना लॅपटॉप आणला, आणि यज्ञेश्वर धोतराचा काचा मारून, उघड्या अंगाने कॅमेऱ्यासमोर बसला.

इथे ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगितलं पाहिजे. जानवं एरवी डाव्या खांद्यावर असतं. देवाचं काम, जिवंत माणसाचं काम त्या खांद्याने होतं. पितरांचं काम करताना ते फिरवून उजव्या खांद्यावर घेतात. त्याला अपसव्य म्हणतात. अपसव्य करून ज्याचं नाव आणि गोत्र घ्यायचं, तो गेलेला असतो. यज्ञेश्वरच्या घरात हे मुलांना लिहिता येण्याआधी कळतं.

पाडव्याच्या सकाळी त्याने लॅपटॉपच्या पडद्यावर प्रथमच स्वतःला एवढं मोठं पाहिलं. आधी तो खूश झाला. चौकटीत एक भरदार माणूस त्याच्याकडे तोंड करून बसला होता. मग त्याचं लक्ष जानव्याकडे गेलं. समोरच्या माणसाच्या जानव्याचा पीळ उजव्या खांद्यावर होता.

त्याने स्वतःकडे खाली पाहिलं. डावा खांदा. बरोबर. वर पाहिलं. चौकटीतला माणूस श्राद्धाला बसला होता. म्हणजे अडतीस घरांत आपण असे दिसणार. सणाच्या दिवशी, नवं वर्ष लागताना, काशीचा भटजी अपसव्य करून एकेकाचं नाव घेतोय. सहाला दोन मिनिटं कमी होती. यज्ञेश्वर दोन मिनिटं तिथेच बसला, आणि शेवटी त्याने जानवं फिरवलं. उजव्या खांद्यावर घेतलं. चौकटीत आता सगळं ठीक दिसू लागलं. मनातल्या मनात त्याने क्षमा मागितली, की हे सोयीसाठी आहे, बघणाऱ्याच्या डोळ्यांसाठी आहे, आणि पाणी हातात घेतलं.

खाली स्वयंपाकघरात बायको होती, जी वर्षभर अशाच पडद्यावर मुलींना गणित शिकवत होती. तिला हाक मारून विचारता आलं असतं. पण जानव्याची बाब बायकोला विचारायची, हे त्याच्या डोक्यात आलं नाही. तशी पद्धतच नव्हती.

त्यानंतरचे दिवस सगळ्यांना आठवतात. आठवड्याभरात वर्गातल्या चौकटी रिकाम्या दिसू लागल्या. कोणाला ताप, कोणाच्या घरात ताप, कोणी खाटेच्या शोधात, कोणी सिलिंडरच्या रांगेत. यज्ञेश्वरने ठरवलं की जे आजारी आहेत त्यांना वगळायचं नाही. उलट त्यांची नावं आधी घ्यायची, सावकाश, दोनदा. एप्रिलच्या बावीस तारखेला रत्नाकरराव इस्पितळात दाखल झाले, त्या दिवसापासून यादीत त्यांचं नाव पहिलं आलं. काश्यप गोत्र, रत्नाकर. वर्गातले लोक म्हणायचे, गुरुजी आहेत म्हणून आधार आहे.

काशीतही चितांचा धूर गच्चीवरून दिसायला लागला होता. श्रीरामचा फोन आला. त्याचा आवाज बसलेला होता. "यज्ञा, ये बाबा. हात कमी पडतायत. लोक गाडीतच घेऊन बसलेत, मंत्र म्हणायला माणूस नाही." यज्ञेश्वर म्हणाला, मला सकाळी वर्ग असतो. श्रीराम म्हणाला, दुपारी ये. यज्ञेश्वर म्हणाला, मी ते काम सोडलंय. त्यावर श्रीरामने फोन ठेवला. त्याला भांडायलाही वेळ नव्हता.

मे महिन्याच्या पहिल्या तारखेपर्यंत वर्गातले चार जण गेले होते. त्या दिवशी रत्नाकरराव गेले, ते पाचवे.

त्यांच्या पत्नी शरदिनीबाईंचा फोन सहा तारखेला आला, वर्ग नुकताच संपला होता. त्या अगदी व्यवस्थित बोलत होत्या. इस्पितळाने परस्पर नेलं, चेहरा दाखवला नाही, मुलालाही ताप होता, अस्थी मिळाल्या नाहीत. तिथे घाटावर काही करता येत असेल तर करा, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. यज्ञेश्वरने करतो म्हटलं. त्या फोन ठेवणार होत्या, मग थांबल्या.

"एक विचारू का गुरुजी? पाडव्यापासून तुम्ही जानवं उजव्या खांद्यावर घेऊन का बसायचात?"

यज्ञेश्वर म्हणाला, नाही नाही, तुम्हाला डाव्या खांद्यावर दिसत असणार.

"उजव्याच," त्या म्हणाल्या. "हे पहिल्याच दिवशी म्हणाले, गुरुजींना विचारलं पाहिजे. आमचा दुसरा ग्रुप आहे ना, तुमच्याशिवायचा, तिथेही बोलणं झालं. मग कोणीतरी म्हणालं, काशीच्या माणसाला आपण काय सांगणार. मग यांना ताप आला."

फोन ठेवून, लॅपटॉप उचलून तो खाली गेला. विद्युल्लता पोळ्या लाटत होती. त्याने विचारलं, या यंत्रात आपण आपल्याला दिसतो तसेच समोरच्याला दिसतो का? तिने एकदा त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि हात न धुताच उठली. लॅपटॉप लावला, आपला फोन त्याच कॉलला जोडून त्याच्या हातात दिला, आणि स्वतः लॅपटॉपसमोर बसून उजव्या हातात लाटणं धरलं. यज्ञेश्वरने लॅपटॉपकडे पाहिलं, मग फोनकडे पाहिलं. पुन्हा लॅपटॉपकडे. लॅपटॉपमधल्या विद्युल्लतेने लाटणं डाव्या हातात धरलं होतं. फोनमधलीने उजव्या.

"इथे आरसा असतो," ती म्हणाली. "फक्त आपल्याला. बाकीच्यांना सरळ दिसतं. पहिल्या दिवशी मीही फळ्यावर लिहिलं आणि अक्षरं उलटी दिसली म्हणून घाबरले. पोरींना विचारलं, त्या म्हणाल्या, मॅडम, इधर तो सीधा है." मग तिचं लक्ष त्याच्या खांद्याकडे गेलं. वर्गावरून तो तसाच खाली आला होता. तिने लाटणं खाली ठेवलं.

"किती दिवस?"

"पाडव्यापासून."

तिने ते बोटांवर मोजलं नाही, पण तिचे ओठ हलले. रोज सकाळी अडतीस जिवंत माणसं. नाव आणि गोत्र. आजाऱ्यांची दोनदा.

"हे बघा," ती म्हणाली, "विषाणूला जानवं दिसत नाही. सगळ्या देशात माणसं जातायत. त्यांचा भटजी कुठे चुकला होता?"

"मग पितरांना दिसतं का?" यज्ञेश्वरने विचारलं.

तिने लाटणं पुन्हा उचललं. वीस वर्षं त्या घरातलं अन्न तिने खाल्लं होतं, मुलीचं शिक्षण त्यातून झालं होतं. पितरांना दिसत नाही, असं म्हणायला तिची जीभ रेटेना, आणि दिसतं म्हटलं तर पुढचं वाक्य तिला माहीत होतं.

तेच वाक्य यज्ञेश्वर मग रात्रंदिवस घोळवत राहिला. तो मनाने हिशेबी माणूस होता, दोन्ही बाजू मांडल्याशिवाय त्याला स्वस्थता नव्हती. खांद्याने फरक पडत नसेल, तर सात पिढ्यांनी यजमानाच्या खांद्यावरचं सूत इकडचं तिकडे करायला लावून त्याबद्दल काय घेतलं? मग वडिलांनी आयुष्यभर भाताच्या गोळ्यांपुढे डोळे मिटून बसण्याचा अर्थ काय? आणि फरक पडत असेल, तर काश्यप गोत्राच्या रत्नाकरचं नाव पहिलं, सावकाश, दोनदा कोणी घेतलं? तिसरी बाजू त्याला सापडली नाही. बायको म्हणाली, चूक झाली, मुद्दाम केलं नाही, एवढं पुरे. पण घाटावर त्याने स्वतः किती जणांना बजावलं होतं, की मंत्राला तुमचा हेतू कळत नाही, उच्चार कळतो.

दुसऱ्या दिवशी तो अंगात सदरा घालून वर्गाला बसला. नऊ जण आले. त्याने पाणी हातात घेतलं, संकल्प 'श्रीमद्भगवतो'पासून सुरू केला, आणि पहिलं नाव घ्यायची वेळ आली तेव्हा त्याला ते घेता येईना. पाणी हातातून मांडीवर सांडलं. तो म्हणाला, आज थेट सुरुवात करू. एक, दोन, तीन.

कोणी तक्रार केली नाही. पण सूर्यनमस्कार फुकट शिकवणारे फोनमध्ये शंभर होते. ते काही लोक विकत घेत नव्हते. काशीत बसलेल्या माणसाच्या तोंडून आपलं नाव बाहेर पडतं, तो माल होता, आणि तोच दुकानातून उठला होता. नवाचे सहा झाले, सहाचे तीन. कोणी कळवलं, सुतक आहे. कोणी कळवलं, अशक्तपणा आहे. बहुतेकांनी काही कळवलं नाही. शरदिनीबाईंचं काम त्याने उद्या करू, उद्या करू म्हणत ठेवलं होतं. रत्नाकररावांचं नाव त्यालाच पुन्हा घ्यावं लागणार होतं, आणि या वेळी खांदा बरोबर असणार होता.

पंधरवड्यानंतर एका सकाळी पडद्यावर फक्त इंदूताई होत्या.

त्यांनी केस विंचरले होते, चटई अंथरली होती. यज्ञेश्वर म्हणाला, आज तुम्ही एकट्याच आहात, आपण चार नमस्कार घालू आणि थांबू. त्या म्हणाल्या, नमस्कार राहू द्या, मला जरा बोलायचंय.

"मी दीर-सासऱ्यांची श्राद्धं रांधलेली बाई आहे," त्या म्हणाल्या. "मला पाडव्यालाच कळलं."

"तेव्हा का नाही बोललात, इंदूताई?"

"का बोलू? मला वाटलं, गुरुजींनी ओळखलंय काळ कसा आलाय तो. कोणाला कोण खांदा देणार, कोणाचं कोण करणार, काही भरवसा नाही. म्हणून आधीच आमचं सगळ्यांचं करून ठेवतायत. जिवंतपणी स्वतःचं श्राद्ध करून घेतात ना लोक, तसं. न सांगता करतायत, कारण सांगितलं तर आम्ही घाबरू." त्या थोडं हसल्या. "मला तर बरं वाटलं हो. आमचा मुलगा काय येणार आहे? विमानं सुरू झाली तरी काय येणार आहे? मी रोज साडेपाचला उठून बसायचे. गुडघे दुखतात, वाकवत नाही. नमस्कारासाठी नव्हते येत."

यज्ञेश्वरला सांगायचं होतं. ती चूक होती, यंत्रातल्या आरशाने फसवलं, माझ्या मनात तसं काही नव्हतं. वाक्य तयार होतं. बायकोसमोर, स्वतःसमोर ते शंभरदा म्हणून झालं होतं.

"मी मोजलंय," इंदूताई म्हणाल्या. "चोवीस दिवस तुम्ही असं माझं नाव घेतलंत. इंदुमती, भारद्वाज गोत्र. तुम्ही खरं सांगा. ते लागू पडतं ना?"

खालच्या मजल्यावर विद्युल्लता आजच्या तासाची तयारी करत होती. एका रेषेवरच्या दोन कोनांबद्दल ती मोठ्याने काहीतरी म्हणून बघत होती. यज्ञेश्वर पडद्यावरच्या बाईकडे पाहत राहिला. नाही म्हणावं, तर अडुसष्ट वर्षांच्या या बाईला सोलापूरच्या दोन खोल्यांत, कोणी काही करणार नाही या खात्रीसकट एकटीला सोडून उठायचं. हो म्हणावं, तर ते एकटीला कसं लागू पडणार? मंत्र माणूस बघून लागू पडत नाही.

"पडतं," तो म्हणाला.

"नक्की?"

"पडतं, इंदूताई. तुमचं झालेलं आहे."

त्यांनी डोळे मिटून हात जोडले. खांदे एकदम खाली आले, असे वर्षभरात एकाही आसनाला आले नव्हते. मग डोळे उघडून त्या म्हणाल्या, "मग रत्नाकररावांचंही झालं असणार. त्यांचं तर दोनदा घ्यायचात. शरदिनी रोज रडते, यांचं काहीच झालं नाही म्हणून. मी तिला आत्ताच सांगते."

"इंदूताई, थांबा," यज्ञेश्वर म्हणाला.

"बरं का गुरुजी, उद्यापासून मी येत नाही. आता गरज नाही. फी या महिन्याची पूर्ण घ्या." आणि त्या चौकटीतून गेल्या.

दहा मिनिटांत शरदिनीबाईंचा फोन आला. त्या रडत होत्या, पण निराळं रडत होत्या. त्यांना त्याच्याच तोंडून ऐकायचं होतं. त्याने सांगितलं. मग दुसऱ्या ग्रुपवर बातमी गेली असावी, कारण दुपारपर्यंत उरलेल्या चारही घरांचे फोन आले. एकाच्या वडिलांचं, एकाच्या बायकोचं, दोघांच्या आयांचं. सगळ्यांनी आधी नाव सांगितलं, मग गोत्र, मग विचारलं. कोणी रागावलं नाही, कोणी दोष दिला नाही. सगळे त्याचे आभार मानत होते. यज्ञेश्वर प्रत्येकाला म्हणत होता, हो, झालेलं आहे, मीच केलं. शेवटच्या फोनला त्याचा आवाज अगदी स्थिर होता, वीस वर्षं यजमानांशी बोलत आला होता तसा.

विद्युल्लता दारात उभी राहून ऐकत होती. तिने विचारलं, हे काय बोलताय तुम्ही त्यांना. तो म्हणाला, त्यांना जे विचारायचं होतं त्याचं उत्तर दिलं. ती म्हणाली, आणि तुमचं काय? त्याने लॅपटॉप मिटून तिच्या हातात दिला, आणि म्हणाला, शाळेतल्या त्या बाईंना परत करून टाक.

मग त्याने श्रीरामला फोन लावला. म्हणाला, येतो. श्रीरामने का, कसं काही विचारलं नाही, टोमणाही मारला नाही. कुठल्या पायरीशी जागा आहे तेवढं सांगितलं, आणि दर्भ घरून आणायला सांगितला, कारण बाजारातला संपला होता.